आडवा येत नाही, पण सोबत येतो का?

प्रिय मावशी,

मी घाटंजी तालुक्यात सहायक कृषी अधिकारी (आधीचं नाव कृषी सहायक) आहे, वय ३१. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकले, चार वर्षं परीक्षा दिल्या, तेव्हा ही नोकरी लागली. आमचं खटल्याचं घर आहे: सासू-सासरे, भासरे, जाऊ, त्यांच्या दोन मुली, आम्ही दोघं आणि आमचा अडीच वर्षांचा मुलगा. आठ एकर कोरडवाहू. मी सकाळी आठला गाडीवर निघते, चार गावं माझ्याकडे आहेत. दिवसा बाळाला सासूबाई पाहतात, आणि त्यांचे गुडघे दुखले की जावेची मोठी मुलगी. ती सातवीत आहे, फार गुणी आहे.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरं लाकडी नंदी ओढत मिरवतात त्या दिवशी, मी अतिवृष्टीच्या पंचनाम्याला होते. बाळाला नवा लाकडी नंदी घेतला होता. घरी पोचले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते, तो नंदीची दोरी हातात धरूनच झोपला होता. सासूबाई म्हणाल्या, "लेकराले घरी टाकून दुसऱ्याइच्या वावरात फिरते, अन् आपलं घर सुनं." नवऱ्याला विचारलं तर ते म्हणतात, "तुझी नोकरी, तुझा निर्णय. मी आडवा येणार नाही." पुण्याची मैत्रीण म्हणते, सोडलीस तर शिकलेल्या सगळ्या बायांचा घात करशील. पुढच्या वर्षी बढतीची परीक्षा आहे. नोकरी सोडली तर मी स्त्रीवादी उरत नाही आणि नाही सोडली तर चांगली आई उरत नाही. मी काय करू?

तुझीच, एक वाचक

*

प्रिय मुली,

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढच्या ओळींकडे तुझं लक्ष लागायचं नाही. नोकरी सोडू नकोस. परीक्षेचा अर्ज भर.

हे मी तुझ्या मैत्रिणीच्या बोलण्यासाठी सांगत नाहीये. तिला तुझी काळजी आहे हे दिसतं. पण शिकलेल्या सगळ्या बायांचा भार एकटीच्या डोक्यावर द्यायचा, तोही जिच्या डोक्यावर आधीच घर, लेकरू आणि चार गावं आहेत, याला मी स्त्रीवाद म्हणत नाही. घरी राहून लेकरं वाढवणारी बाई कमी नसते. फक्त तिचं नाव सातबाऱ्यावर हवं आणि तिच्या हातात तिचा पैसा हवा, म्हणजे ते राहणं तिच्या मर्जीचं झालं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून दिला होता, आपल्या विदर्भातही. तुझ्या पत्रात आठ एकर आहेत, पण ते कोणाच्या नावावर आहेत हे लिहिलेलं नाही. खटल्याचं घर म्हणतेस, म्हणजे बहुधा सासऱ्यांच्या. आज नोकरी सोडलीस तर उद्या लेकराच्या औषधाच्या बाटलीलाही कोणाच्या तरी खिशाकडे पाहावं लागेल. अशा घरी बसण्याला मर्जी कशी म्हणायची?

आता सासूबाईंचं बोलणं. ते तू जसंच्या तसं उतरवलंस, म्हणजे रुतलं आहे. पण त्यांना एकदा निवांत विचारून पाहा, तुझा नवरा तान्हा होता तेव्हा निंदणाच्या दिवसांत तो कुठे असायचा. तो झोळीत असणार, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला नाहीतर निंबाला जुनं लुगडं बांधून केलेल्या. माझी आई आर्वीकडच्या वावरांत कापूस वेचायची. कमरेला ओटी. ओटी भरली की धुऱ्यावर येऊन गाठोड्यात रिती करायची, तेवढ्यात झोळीत डोकवायची, लेकरू ओलं असलं तर कोरडं करायची आणि पुन्हा आपल्या ओळीला लागायची. काम आणि लेकरू यांचा मेळ कसा घालता, असं त्या बायांना कधी कोणी विचारलं नाही. वेचणीची मजुरी किलोवर होती आणि ती घराला लागतच होती. आपल्या गावांना बाईचं काम कधी खुपलं नाही. तिची गाडी, तिचं पगाराचं खातं, आणि वावरातला बाप्या माणूस तिला विचारतो की "मॅडम, कापसावर डोमकळ्या (अळीनं मिटलेली फुलं) दिसून राहिल्या, काय फवारू?" हे मात्र खुपतं.

तरी सासूबाईंवर रागावू नकोस. मला त्या बोलण्यात थकवाच जास्त ऐकू आला. अडीच वर्षांच्या पोराच्या मागे दिवसभर धावणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नाही. ज्या बाईनं सारी उमर वावरात आणि चुलीपुढे काढली, तिला म्हातारपणी पुन्हा तेच काम आलं, आणि या वेळी तर मजुरीही नाही. लेकरू सांभाळणं हे काम आहे हे सरकारलासुद्धा कळलेलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला त्या मुलांकडे पाहण्यासाठीच ठेवायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. तुझ्या घरात हे काम कोणी मोजलेलं नाही. तू तरी मोज. दर महिन्याला पगार झाला की त्यातली ठरावीक रक्कम सासूबाईंच्या खात्यात टाक, आणि "हे तुमचं, घरखर्चाचं नाही" असं सर्वांसमोर सांग. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना नवऱ्यासोबत पाठवू नकोस, तू स्वतः ने. आणि एकदा हे विचार, की आत्याबाई, तुम्हाला दिवसातले किती तास जमतं? त्या जेवढे सांगतील तेवढेच तास त्यांचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं, त्याकडे येते. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस: "ती सातवीत आहे, फार गुणी आहे."

मला मावशी म्हणणारी पहिली मुलगी माझ्या मोठ्या बहिणीची. १९८८ साली मी कारंजा घाडगे तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माझी स्वतःची मुलगी सहा महिन्यांची झाली, मला शाळेत रुजू व्हायचं होतं, सासरचं कोणी सोबत नव्हतं. बहिणीची मुलगी अकरा वर्षांची होती, सहावी पास झालेली. "एक वर्ष ठेव, मग सातवीत टाकू" असं बहिणीला सांगून मी तिला घेऊन आले. तीही फार गुणी होती. मी दहाला निघायची, पाचला यायची. माझ्या मुलीचं दूध, आंघोळ, निजवणं सारं ती करायची. मला घरात शिरल्याबरोबर बाळ हसत सामोरं यायचं आणि मी देवाचे आभार मानायची.

एक दिवस शाळा लवकर सुटली. घरी आले तर ती भिंतीला टेकून बसली होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय हलत होता, आणि हातात सातवीचं भूगोलाचं पुस्तक. कुठून मिळवलं होतं कोण जाणे. बदामी कागदाचं कव्हर घालून ती ते माझ्या लोखंडी पेटीमागे लपवून ठेवायची. मला पाहून तिनं ते घाईनं पदराआड नेलं, म्हणजे परकराच्या ओच्यात, पदर घ्यायचं तिचं वयही नव्हतं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, आणि त्याच जून महिन्यात पटनोंदणीसाठी घरोघर फिरले. एका दारात मी बायांना सांगत होते, "धाकट्याला सांभाळायला म्हणून मोठीला घरी ठेवू नका." हे शब्द माझेच होते. एका वर्षाची तीन वर्षं झाली. ती परत गेली तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुली नववीत होत्या आणि तिला सातवीत बसायची लाज वाटली. सतराव्या वर्षी लग्न झालं. आजही ती दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. माझ्याशी चांगली बोलते, दिवाळीला येते. तिनं मला कधी दोष दिला नाही, आणि मला ते जास्त जड जातं.

माझी नोकरी तिच्या तीन वर्षांवर उभी राहिली. पेन्शन मला मिळते.

म्हणून तुला कळकळीनं सांगते, त्या मुलीला आजपासून मोकळं कर. दुपारी ती शाळेतच असते, नंतर एखादा तास सांभाळते, असं तू म्हणशील. मग आधी शाळेत जाऊन तिची हजेरी पाहा. सासूबाईंचे गुडघे कोणत्या दिवशी दुखले आणि ती कोणत्या दिवशी गैरहजर होती, हे जुळवून पाहा. एकही दिवस जुळला नाही तर मला आनंदच आहे. पण मी चाळीस वर्षं हजेरीपट पाहिले आहेत, आणि आठवीच्या आत गळणाऱ्या मुलींच्या घरी मला बहुतेक वेळा एक पाळणा दिसला आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. शाळेच्या वयाच्या मुली कडेवर भावंडं घेऊन फिरत. म्हणून त्यांनी विकासवाडी या आपल्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मोठीला शिकवायचं तर धाकट्याला कोणीतरी घ्यायला हवं, एवढं साधं ते होतं.

मग धाकट्याला कोण घेईल? त्याचा बाप घेईल.

तुझ्या नवऱ्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "मी आडवा येणार नाही." बायकोला मारून मुटकून घरी बसवणाऱ्यांच्या गावात हे बोलणारा माणूस वाईट नाही, हे मला कळतं. पण आडवा न येणारा माणूस बाजूला उभा असतो. तुझी नोकरी म्हणून तुझा निर्णय, हे मान्य. लेकरू मात्र दोघांचं आहे, आणि त्याच्या दिवसाचे सारे तास त्यानं एका वाक्यात तुझ्याकडे लोटून दिले. तू नोकरी ठेवलीस तरी दोष तुझा, सोडलीस तरी तोटा तुझा. त्याचं आयुष्य दोन्हीकडून जसंच्या तसं राहतं.

२० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. खेड्यापाड्यांतून हजारो बाया आल्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी त्यांना सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्यापुढे त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी होऊ नये. बरोबरीची म्हणजे तिला परवानगी द्यायची नसते, तिच्यासोबत अर्धं ओझं उचलायचं असतं. तुझ्या नवऱ्याला हे ठाऊक नसेल तर तू सांग. भांडून सांगायची गरज नाही, वही घेऊन सांग.

खरंच वही घे. सात दिवस लिही: पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत घरातलं कोणतं काम कोणी केलं. पाणी भरणं, झाडलोट, सयपाक, भांडी, लेकराचं शी-शू, आंघोळ, भरवणं, निजवणं, रात्री उठणं. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. त्यात बाया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं दिसलं, आणि पुरुष ९७. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ही सरासरी. हात लावणारे मुळात चारात एक होते. तुमच्या घरचा आकडा त्याहून चांगला निघाला तर छानच. रविवारी ती वही त्याच्या हातात दे आणि म्हण, यातलं तुमचं कोणतं, ते तुम्हीच खूण करा.

"मदत करा" म्हणू नकोस. मदत मागितली की ती कधी मिळते, कधी नाही, आणि आभारही मानावे लागतात. काम वाटून घे. सकाळी सहा ते आठ लेकरू पूर्ण त्याचं, म्हणजे उठवण्यापासून खाऊ घालण्यापर्यंत. संध्याकाळी पाचपासून तू येईपर्यंतही त्याचंच. तो म्हणेल शेतीला वेळेचं बंधन नसतं. नसतं ना, तेच तर सोयीचं आहे. पंचनाम्याची तारीख तुला पुढे ढकलता येत नाही, वखर त्याला तासभर थांबवता येतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झाली की मृगापर्यंत कोरडवाहू वावरात किती काम उरतं, हे तुझ्याहून चांगलं कोणाला ठाऊक? आणि जूननंतर त्यानं पोराला सोबत वावरात न्यावं. फवारणीच्या दिवशी नाही, एरवी. झोळीत घालून आयांनी नेलं, तसं खांद्यावर बसवून बापानं न्यावं. लोक हसतील. पंधरा दिवस हसतील, मग दुसऱ्याच्या घरचं काही निघेल.

थोडं रजेविषयी. २०१८ च्या शासन निर्णयानं राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची पगारी बालसंगोपन रजा आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत घेता येते, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. तू ती घेतल्याचं पत्रात कुठे नाही. ती एकदम उडवू नकोस. खरिपाच्या भरात साहेब मंजूर करायचे नाहीत, म्हणून उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधीचा एक महिना घे. सकाळी लेकरू, दुपारी अभ्यास. बाकीची राखून ठेव, पोरगा दहावीला असतानाही लागेल. लेखी अर्ज कर आणि पोच घे.

लेकरू तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत जाईल, पण तिथले तास थोडे असतात आणि तुझी ड्युटी मोठी. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं, तुमच्या प्रकल्पात आहे का ते बालविकास प्रकल्प कार्यालयात विचार. आणि ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तुमच्या गावात ते कशावर गेले? शिलाई यंत्रावर, की कागदावर? ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. त्यात उठून एका खोलीच्या पाळणाघराचा ठराव मांड. तू सरकारी नोकर आहेस म्हणून संकोच वाटला तर जावेला मांडू दे, तिच्याच मुलीचा प्रश्न आहे. तुझ्यापेक्षा निंदणाला जाणाऱ्या बायांना त्या खोलीची जास्त गरज आहे. त्या सोबत आल्या तर ती मागणी एका मॅडमची राहणार नाही.

राहिला तान्हा पोळा.

तो दिवस गेला, मुली. पुढल्या वर्षी नंदी मोठा आणशील, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, जास्त देशील, पण अडीच वर्षांचं लेकरू दोरी धरून पहिल्यांदा निघालं ते तू पाहिलं नाहीस. याची भरपाई होते असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी पहिलं पाऊल टाकताना मी पाचवीच्या वर्गात लांबीचं कोष्टक शिकवत होते. अजून आठवतं. ते दुखणं सोबत राहतं आणि माणूस काम करत राहतो.

पण मला एक सांग, त्या संध्याकाळी तुझा नवरा कुठे होता? पत्रात नाही. लेकरासोबत देवळापर्यंत गेला असेल तर तू लिहिलं असतंस. तो पारावर बसला असेल, किंवा तालुक्याला गेला असेल. त्याला रात्री झोप लागली का? सासूबाई त्याला काही बोलल्या का? आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात हाच सवाल केला होता, की जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नसतो का, मग शिक्षा एकटीलाच का? तू तर दोषीही नव्हतीस. तू त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून कोणाच्या तरी खरडून गेलेल्या जमिनीची नोंद घेत होतीस. ती नोंद त्या दिवशी झाली म्हणून त्या घरी मदत पोचायची वाट मोकळी झाली. त्या घरातही लेकरं असतील.

हे तुझ्या मुलाला सांग. आज कळणार नाही, तरी सांग. सुटीच्या दिवशी त्याला गाडीवर पुढे बसव, एखाद्या वावरात ने, वासानं किडीचे पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग दाखव, तो मोजेल. आई कुठे जाते हे लेकराला एकदा डोळ्यांनी दिसलं की ती दाराबाहेर पडताना ते कमी रडतं. हे मी माझ्या घरी पाहिलं आहे. मी माझ्या मुलीला एका शनिवारी वर्गात नेऊन बसवलं होतं. त्यानंतर ती सकाळी मला खडू आणून द्यायची.

दिवाळीच्या आत मला दोन ओळी लिही. अर्ज भरलास का, आणि पुतणीच्या हजेरीत काय निघालं.

तुझी,
मावशी